नोकरीचा शोध हेही एक कामच आहे
खान्देशातील ख्रिस्ती युवक-युवतींसाठी व त्यांच्या पालकांसाठी



परीक्षांचे निकाल लागले की दरवर्षी धर्मग्रामांच्या कार्यालयांत एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. हातात प्लास्टिकची फाईल घेतलेला एखादा तरुण किंवा तरुणी दारात उभी असते. सोबत बहुधा आई असते. विनंती एकच असते, "फादर, नोकरीसाठी एक पत्र द्या ना." आम्हीही आजवर अशी पुष्कळ पत्रे लिहिली. सदर युवक आमच्या धर्मग्रामाचा सदस्य असून त्याची वर्तणूक उत्तम आहे, तरी त्यास योग्य ते काम द्यावे, अशा आशयाची ती पत्रे असत. ती कोणाच्या नावे असत? खरे म्हणजे कोणाच्याच नाही. त्यांपैकी किती उपयोगी पडली, असे कोणी विचारले तर आम्हाला मान खाली घालावी लागेल. पत्र लिहून आम्हाला समाधान मिळाले, पत्र घेऊन त्या आईला आशा मिळाली, आणि तो तरुण मात्र होता तेथेच राहिला.

म्हणून या वेळी पत्राऐवजी हा लेख आम्ही लिहीत आहोत. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आपल्या युवकांनी काम कसे शोधावे, कोठे शोधावे, कोणापासून सावध राहावे आणि यात आपण सर्वांनी, म्हणजे पालकांनी, धर्मगुरूंनी व धर्मग्रामाने काय करावे, याचा विचार येथे मांडला आहे.

बाजारात उभे असलेले मजूर

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायातला दाखला आपल्या सर्वांना परिचित आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर शोधण्यास निघतो, पुन्हा पुन्हा बाजारात जातो, आणि दिवस मावळण्यास तासभर उरला असतानाही त्याला तेथे काही माणसे रिकामी उभी असलेली दिसतात. तुम्ही दिवसभर येथे का उभे आहात, असे तो विचारतो. आम्हाला कोणी कामावर घेतले नाही, असे ते सांगतात. या दाखल्यावरील प्रवचनांत आपण धन्याच्या औदार्याविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या शेवटच्या मजुरांकडेही थोडे पाहावे. ते आळशी नव्हते. घरी झोपून न राहता ते दिवसभर बाजारात उभे होते. जळगाव किंवा धुळ्याच्या चौकात सकाळी डबा घेऊन मुकादमाची वाट पाहणारे मजूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते उभे राहणे किती कठीण असते हे सांगावयास नको.

त्या काळी एक सोय होती. काम देणारा व काम मागणारा एकाच बाजारात येत असत. आजचा बाजार मात्र विखुरलेला आहे आणि त्याचा मोठा भाग डोळ्यांना दिसतही नाही. पुष्कळ तरुण कामास तयार असतात, परंतु ते उभे असतात ते भलत्याच चौकात.

काम हा मनुष्याचा मान आहे

नोकरीसारखा ऐहिक विषय धर्मप्रांताच्या पानावर कशासाठी, अशी शंका काहींना येईल. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र लिहून कामगारांच्या हक्कांचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत कायमचा आणला. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत जोसेफ यांच्या सणासाठी दिला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेरसेन्स' या विश्वपत्रात, काम हे माणसासाठी असते, माणूस कामासाठी नसतो, हा विचार विस्ताराने मांडला. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना तेराव्या लिओंचे स्मरण केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात श्रमाच्या प्रतिष्ठेचे रक्षण करावे लागेल असे सांगितले. तेव्हा तरुणाला काम मिळणे ही केवळ त्याच्या घरची बाब नाही, ती ख्रिस्तसभेची काळजी आहे.

आपल्या परिसरात काम कोठे आहे?

शोध सुरू करण्यापूर्वी आपला परिसर नीट ओळखला पाहिजे. "आपल्याकडे काहीच नाही, पुण्याला जावे लागेल," हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. ते अर्धेच खरे आहे.

जळगाव परिसरात प्लास्टिक पाइप, ठिबक सिंचन, चटई, डाळ मिल, केळी व सोने हे प्रमुख व्यवसाय आहेत. भवरलाल जैन यांनी उभारलेल्या जैन उद्योगसमूहामुळे शेतीशी जोडलेले तांत्रिक काम या भागात वाढले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर-यावल पट्ट्यात केळीची प्रतवारी, वेष्टन, शीतगृह व वाहतूक यांत माणसे लागतात. भुसावळ हे रेल्वेने घडवलेले गाव आहे आणि तेथील कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास रेल्वेच्या नोकरीपासूनच सुरू होतो. जवळच दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे. भुसावळ व वरणगाव येथील आयुध निर्माणी २०२१ पासून सरकारी कंपन्यांच्या अखत्यारीत गेल्या आहेत.

धुळे हे रस्त्यांचे गाव आहे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर व धुळे-सोलापूर हे महामार्ग येथे मिळतात. त्यामुळे गोदामे, वाहन दुरुस्ती, सुटे भाग, मालवाहतूक व हॉटेल या क्षेत्रांत सतत काम असते. अवधान व नरडाणा येथे औद्योगिक वसाहती आहेत, शिरपूरला वस्त्रोद्योग आहे, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या आहेत व सौर ऊर्जा प्रकल्पही झाले आहेत. त्यांच्या देखभालीला विजेचे काम जाणणारी मुले लागतात. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी रुग्णालये व प्रयोगशाळांना परिचारिका, तंत्रज्ञ व लेखनिक लागतात.

जुन्या गोष्टींचा आधार मात्र आता उरलेला नाही. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल यांच्या भोंग्यावर ज्या पिढीचे घड्याळ चालत असे, ती पिढी आपल्यात अजून आहे. त्या गिरण्या बंद पडल्या. परंतु त्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून सुरुवात केलेली विप्रो ही कंपनी आज जगभर संगणकसेवा देते. कामाचे रूप बदलते, हा धडा आपल्या तालुक्याच्या गावानेच आपल्याला दिला आहे.

घर सोडून जाणे हाही मार्ग आहे, आणि तो जुना आहे. भुसावळ-सुरत लोहमार्गाने खान्देशातील माणसे सुरतेला गेली. उधना व लिंबायत भागांत आज अहिराणी सहज कानी पडते. जावे अवश्य, परंतु तेथे कोण ओळखीचे आहे, राहण्याची सोय कोठे आहे आणि पगारातून भाडे वजा जाता काय उरते, हे कागदावर मांडून जावे.

जागा भरतात कशा?

आता मुख्य मुद्दा. बहुतेक तरुण जाहिरात येण्याची वाट पाहतात. पण लहान कारखाना, दुकान, दवाखाना किंवा शाळा जाहिरात देण्यापूर्वी काय करते? मालक आपल्या माणसांना विचारतो, "कोणी चांगला मुलगा आहे का?" तेथेच जागा भरली तर जाहिरात निघतच नाही. याचे कारण साधे आहे. अनोळखी माणूस नेमताना मालकाला भीती वाटते, आणि ओळखीच्या माणसाने सांगितले तर ती भीती कमी होते. याला सरसकट वशिला समजू नये. अपात्राला पात्राच्या जागी बसवणे हा वशिला व तो अन्याय आहे. पात्र माणसाची माहिती वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचवणे हे सत्कृत्य आहे.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळील न्यूटन या गावातील २८२ नोकरदारांचा अभ्यास केला व तो १९७४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. यात नवल नाही. नवल पुढे आहे. ज्यांच्याकडून ही बातमी मिळाली ते जिवलग मित्र किंवा जवळचे नातलग क्वचितच होते. शंभरातील सुमारे सतरा जणांनाच वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून नोकरी कळली. सुमारे छप्पन्न जणांना अधूनमधून भेटणाऱ्यांकडून, तर अठ्ठावीस जणांना वर्षातून एखादेच वेळी भेटणाऱ्यांकडून कळली. २०२२ साली सुमारे दोन कोटी लोकांच्या संगणकीय व्यवहारावर झालेल्या एका अभ्यासातही साधारण असेच दिसले. फार जवळची वा फार दूरची नव्हे, तर मध्यम ओळख सर्वांत उपयोगी ठरली.

असे का व्हावे? आपले जवळचे लोक आपल्याच वर्तुळात वावरतात. त्यांना जे कळते ते आपल्याला आधीच कळलेले असते. दूरच्या ओळखीचा माणूस निराळ्या वर्तुळात उठतो-बसतो, म्हणून त्याच्याजवळ निराळी बातमी असते.

हा विचार आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. खान्देशात आपण संख्येने थोडे आहोत. त्याच मिस्सेला, त्याच लग्नांना, त्याच तेरा-चौदा घरांत आपण भेटतो. आपले प्रेम घट्ट असते, पण बातमी मात्र शिळी असते. म्हणून युवकांनी आपल्या वर्तुळाच्या बाहेर पाऊल टाकले पाहिजे. आयटीआयमधील शिक्षक, जुना वर्गमित्र, वडिलांचे निवृत्त सहकारी, गल्लीतील मुस्लिम वायरमन, बँकेतील शिपाई, औषधविक्रेता, एमआयडीसीत माल पोहोचवणारा चालक, ही सर्व माणसे तुमच्या शोधातील दारे आहेत.

मग प्रत्यक्षात काय करावे?

रिचर्ड बोल्स हे एपिस्कोपल पंथाचे एक धर्मगुरू होते. १९६८ साली काटकसरीपायी सॅन फ्रान्सिस्को येथील त्यांचे काम सुटले. पुढे आपल्यासारख्याच काम गमावलेल्या सेवकांसाठी त्यांनी १९७० साली एक पुस्तिका स्वखर्चाने छापली. 'व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?' या नावाने ती पुढे जगभर गेली. त्यांच्या सांगण्याचे सार आणि आमचा अल्प अनुभव मिळून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. प्रथम स्वतःला विचारा की मला काय करता येते. "काहीही चालेल" असे म्हणणाऱ्याला कोणीच मदत करू शकत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मनात कोणतीच जागा उभी राहत नाही. "मला टॅलीवर हिशेब लिहिता येतो व मोटारसायकल आहे," असे म्हटले तर ऐकणाऱ्याला लगेच दोन दुकाने आठवतात.

२. वीस माणसांची यादी करा. त्यांत घरचे व धर्मग्रामातले दहापेक्षा जास्त नसावेत.

३. त्यांच्याकडे नोकरी मागू नका, माहिती मागा. नोकरी मागितली की समोरचा अवघडतो आणि "बघू" म्हणतो. "तुमच्या कारखान्यात या कामाला माणसे कशी घेतात? त्यांना काय यावे लागते? मी आणखी कोणाला भेटू?" असे विचारले तर तो मोकळेपणाने बोलतो. तिसरा प्रश्न कधीही विसरू नये, कारण त्यानेच यादी वाढते.

४. शक्य तेथे प्रत्यक्ष जा. लहान उद्योगांत निर्णय मालकच घेतो. सकाळच्या गडबडीत न जाता दुपारी जावे, दोन मिनिटांत बोलणे संपवावे, एका पानाचा बायोडाटा ठेवावा आणि आठवड्याने पुन्हा एकदा नम्रपणे विचारावे. अनेकजण पहिल्या भेटीनंतर परत जातच नाहीत.

५. बायोडाटा एकाच पानाचा असावा. त्यात वडिलांचा व्यवसाय, छंद व धर्म यांपेक्षा तुम्ही केलेले काम, शिकलेले यंत्र, येणाऱ्या भाषा व चालू असलेला दूरध्वनी क्रमांक महत्त्वाचा. धर्मग्रामात गायनवृंद चालवला, सणाचा हिशेब सांभाळला, संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेत काम केले, हाही अनुभवच आहे. तो लिहावा.

६. मुलाखतीत अहिराणी वळणाच्या मराठीची लाज बाळगू नये. बोली ही आईची देणगी आहे. उत्तर मात्र आधी मोठ्याने म्हणून पाहावे. मोडक्या इंग्रजीत गोंधळण्यापेक्षा स्वच्छ मराठीत सांगितलेले बरे.

७. रोज किती जणांना भेटलो, कोणाला दूरध्वनी केला, काय उत्तर आले, हे वहीत लिहावे. शोध हेही कामच आहे, आणि कामाची हजेरी लागते.

शासकीय मार्ग

शासकीय नोकरीचे आकर्षण आम्ही समजू शकतो. शेतात व रोजंदारीवर झिजलेल्या आईवडिलांना महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराचे मोल ठाऊक असते. तो मार्ग सोडा असे आम्ही म्हणत नाही. एकाच दारावर आयुष्य उभे करू नका, एवढेच सांगतो. राज्य शासनाने २०१६ साली नोकरभरतीची कमाल वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३३ वरून ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ केली. संधी वाढली हे खरे, पण वाट पाहण्याचा काळही वाढला. बत्तिसाव्या वर्षी कोणताही अनुभव नसलेला पदवीधर खासगी क्षेत्रात मागे पडतो. म्हणून अभ्यास करावा, सोबत अर्धवेळ का होईना काम करावे, आणि किती वर्षे प्रयत्न करायचा याची मुदत घरात बसून ठरवावी.

प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. पूर्वी आपण त्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत असू. आता नोंदणी 'महास्वयम्' या शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य होते आणि रोजगार मेळाव्यांच्या सूचना तेथे मिळतात. नोंदणी केली म्हणजे नोकरी घरी येईल असे मात्र नव्हे. नवे शिक्षण व बदललेला दूरध्वनी क्रमांक तेथे नोंदवत राहावे लागते.

आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारीकडे विशेष लक्ष द्यावे. १९६१ च्या कायद्यानुसार उद्योगांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात व त्यांना विद्यावेतन मिळते. मध्य रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिरातीत भुसावळ हा स्वतंत्र विभाग असतो आणि निवड दहावी व आयटीआयच्या गुणांवर होते. रेल्वेतील प्रथम स्तराच्या पदांमध्ये रेल्वेतच प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अशा उमेदवारांसाठी वीस टक्के जागा राखीव असतात. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांनी शिक्षक पात्रता व अभियोग्यता या दोन्ही परीक्षांकडे दुर्लक्ष करू नये. "आपली मिशनची शाळा आहे, फादर घेतील," या भरवशावर कोणी बसू नये, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. आपल्या शाळांनाही पात्रतेचे नियम आहेत, आणि आपल्या मुलांना पात्र शिक्षक मिळणे हा त्या मुलांचा हक्क आहे.

ज्यांचा कल व्यवसायाकडे आहे त्यांनी जिल्हा उद्योग केंद्रात रोजगार निर्मिती योजनांची चौकशी करावी. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कर्जयोजना ख्रिस्ती समाजासाठीही आहेत. आपल्यातील अनेकांना हे ठाऊकच नसते.

कागदपत्रे: आपली खास अडचण

धर्मगुरू म्हणून एक अडचण आम्हाला सतत दिसते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत तिसरे. घरी जोसेफ, शाळेत यशवंत, आणि आडनावाची तीन स्पेलिंगे. परीक्षा उत्तीर्ण होऊनही कागदपत्रांच्या पडताळणीत मूल अडकते. नोकरीसाठी मुख्य आधार शाळा सोडल्याचा दाखला हाच धरला जातो, हे लक्षात घेऊन बाकीची कागदपत्रे त्याच्याशी जुळवून घ्यावीत. नाव खरोखर बदलायचे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी. हे काम भरती निघाल्यावर नव्हे, आजच करावे.

जातीच्या दाखल्याविषयीही संभ्रम आहे. अनुसूचित जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. त्यामुळे भिल्ल, पावरा, मावची आदी समाजांतील ख्रिस्ती बांधवांनी दाखला व जात वैधता प्रमाणपत्र वेळेत काढावे. वैधतेला बराच वेळ लागतो. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात मात्र ख्रिस्ती झालेल्यांना स्थान नाही. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला, आपला झाला नाही. या अन्यायाविरुद्ध ख्रिस्तसभा दीर्घकाळ आवाज उठवीत आहे. तो लढा चालू राहील, पण तोवर आपल्या कुटुंबाला कोणता दाखला लागू होतो याची तहसील कार्यालयात चौकशी करावी. अन्य कोणत्याही आरक्षणात न बसणाऱ्या व वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांसाठी २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांचे आरक्षण आहे. त्याला धर्माची अट नाही. खोटा दाखला मात्र कोणी काढू नये. असत्यावर उभारलेली नोकरी कधीही कोसळते, आणि आपल्यासोबत घरच्यांनाही घेऊन पडते.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

काही काळापूर्वी एक विधवा माता आमच्याकडे आली. मुलाला सरकारी खात्यात लावतो असे सांगून एका मध्यस्थाने तिच्याकडून दोन टप्प्यांत पैसे घेतले होते. त्यासाठी तिने मंगळसूत्र व घराचा कागद गहाण ठेवला होता. तिच्या हाती आलेले नेमणूकपत्र बनावट निघाले. पोलिसांत जा, असे आम्ही म्हणालो. ती म्हणाली, "फादर, पैसे देणं बी गुन्हाच ना? मी कोणत्या तोंडानं जाऊ?" या प्रश्नावरच हे ठग जगतात. फसवणारा मोठा अपराधी आहे. त्याला लाज वाटत नाही, मग आपण गप्प का बसावे?

काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. शासकीय भरतीत ठरावीक परीक्षाशुल्काखेरीज कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. अनामत रक्कम, गणवेशाचे पैसे किंवा प्रशिक्षण शुल्क आधी मागणारी नोकरी बहुधा नोकरी नसतेच. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवू नयेत. भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी कोणाला सांगू नये. ऑनलाइन फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. तास जितके कमी गेलेले असतील तितकी रक्कम अडवण्याची शक्यता अधिक.

परदेशी जाणाऱ्यांनी दलाल केंद्र शासनाकडे नोंदलेला आहे का, हे 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहावे. नोंदणीकृत दलालाला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये व त्यावरील कर यांपेक्षा अधिक घेता येत नाही. पर्यटक व्हिसावर कामाला पाठवतो असे कोणी म्हणत असेल तर तेथेच थांबावे. थायलंडमध्ये संगणकावरचे काम आहे असे सांगून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमार व कंबोडियातील फसवणूक-केंद्रांत डांबून ठेवल्याचे प्रकार २०२२ पासून उघड झाले आणि परराष्ट्र मंत्रालयाला वारंवार इशारे द्यावे लागले.

धर्मग्राम काय करू शकतो?

एकट्याने शोध घेणारा लवकर थकतो. १९७५ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नेथन अझरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काम शोधणाऱ्या लोकांचा एक गट रोज एकत्र बसे. जोड्या करून एकमेकांचे अर्ज तपासत, दूरध्वनी करीत, मुलाखतीचा सराव घेत, आणि आपल्या उपयोगाची नसलेली जागा दुसऱ्याला सांगत. दोन महिन्यांनंतर या गटातील शंभरांपैकी नव्वद जणांना पूर्णवेळ काम मिळाले होते. आपापले शोधणाऱ्यांत हे प्रमाण पंचावन्न होते. या गटाजवळ कोणतीही जादू नव्हती. होती ती संगत, शिस्त आणि माहितीची देवाणघेवाण.

ही गोष्ट आपल्या कोणत्याही धर्मग्रामात होऊ शकते. रविवारच्या मिस्सेनंतर सभागृहात एक टेबल, एक वही, एक संगणक आणि आठ-दहा युवक पुरेसे आहेत. रेल्वे, बँक, शाळा, रुग्णालय यांतून निवृत्त झालेल्या प्रापंचिकांनी महिन्यातून दोन तास द्यावेत. आपल्या कामाच्या ठिकाणी जागा निघाली की प्रत्येकाने ती फलकावर लावावी. हा फलक केवळ ख्रिस्ती युवकांपुरता ठेवू नये. शेजारची मुले आली तर त्यांनाही बसवून घ्यावे. ते त्यांच्या वर्तुळातील बातमी घेऊन येतील, आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञाही आपोआप पाळली जाईल.

आम्हा धर्मगुरूंसाठीही एक नियम आम्ही सुचवितो. कोणाच्याच नावे नसलेले पत्र यापुढे देऊ नये. तरुणासोबत अर्धा तास बसावे, त्याला काय येते ते ऐकावे, आणि ओळखीच्या एखाद्या माणसाला स्वतः दूरध्वनी करावा. पत्र द्यायचेच तर त्या माणसाच्या नावे द्यावे आणि त्यात जे खरे आहे तेवढेच लिहावे.

ज्यांना अजून मिळाले नाही

ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावची कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली. तेथील लोकांचा एक अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. वेळ मुबलक असूनही लोकांचे वाचनालयात जाणे कमी झाले आणि पुरुष रस्त्याने पूर्वीपेक्षा हळू चालू लागले, असे संशोधकांना आढळले. काम गेले की पगाराबरोबर दिवसाचा आकार व मनाची उभारीही जाते.

म्हणून पालकांना आमची कळकळीची विनंती आहे. जेवणाच्या ताटावर शेजारच्या मुलाच्या पगाराची गोष्ट काढू नका. मुलगी असेल तर "आता लग्नच करू" असे म्हणून तिचा शोध अर्ध्यावर तोडू नका. मिस्सेनंतर भेटणाऱ्यांनी "सध्या काय करतोस?" असे चारचौघांत विचारू नये. विचारायचेच तर बाजूला घेऊन विचारावे आणि आपल्याला ठाऊक असलेल्या एका माणसाचे नाव त्याला द्यावे. आणि एखादा तरुण फारच गप्प झाला, खाणे-झोपणे बिघडले, तर त्याला एकटे सोडू नये. धर्मगुरूंकडे व डॉक्टरांकडे न्यावे.

युवकांनो, नकार आला म्हणजे तुम्ही नालायक ठरलात असे नव्हे. नाझरेथचा सुतार जोसेफ यालाही बाळाला घेऊन परक्या मिसर देशात जावे लागले आणि तेथे नव्याने हात चालवावे लागले असतील. दाखल्यातील त्या शेवटच्या मजुरांकडे पुन्हा एकदा पाहा. दिवस जवळजवळ संपला होता, तरीही ते बाजारातून निघून गेले नव्हते, म्हणूनच धन्याला सापडले. आणि धनीही एकदा येऊन थांबला नाही, पुन्हा पुन्हा बाहेर पडला. आपण धर्मग्राम म्हणून त्या धन्यासारखे पुन्हा पुन्हा बाहेर पडू या.

श्रमिक संत जोसेफ आपल्या सर्व युवक-युवतींसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी प्रभूकडे विनंती करोत.